सपाट पट्ट आणि अतिसंवाहकता : एका संज्ञेचा इतिहास

१

शास्त्रीय संज्ञेचे काम वस्तूला नाव देण्यापुरते असते असे आपण सामान्यतः धरून चालतो. वस्तुतः संज्ञा ज्या चित्रावरून घेतलेली असते ते चित्रही ती आपल्याबरोबर आणते, आणि त्या चित्रातून सुचणारी अनुमाने पुष्कळदा पुराव्यावाचून स्वीकारली जातात. घनपदार्थांच्या भौतिकीतील ‘सपाट पट्ट’ ही संज्ञा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. इ. स. २०१८ नंतर या संज्ञेचा अतिसंवाहकतेशी इतका निकट संबंध जोडला गेला की, २०२३ साली एका पदार्थाच्या गणितात सपाट पट्ट आढळले एवढ्यावरून, तो पदार्थ खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक असल्याच्या दाव्यास आधार मिळाला असे अनेकांस वाटले. याच्या नेमके उलट, त्यापूर्वी अर्धशतक, ज्यांचे पट्ट जवळजवळ सपाट आहेत असे ‘जड’ इलेक्ट्रॉन हे अतिसंवाहकतेस अपायकारक समजले जात असत. एकाच संज्ञेतून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष कसे निघाले, आणि त्यांपैकी एकही संज्ञेच्या मूळ अर्थात का बसत नाही, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे. प्रयोगांच्या गुणदोषांचा निर्णय करण्याचा अधिकार त्यामुळे प्राप्त होत नाही, आणि तसा प्रयत्नही येथे केलेला नाही. ज्या घटना आता इतिहासजमा झाल्या आहेत, त्यांत संज्ञेचा उपयोग कसकसा पालटत गेला एवढेच येथे तपासले आहे.

२

प्रथम ‘पट्ट’ या शब्दाकडे वळू. एकाकी अणूमधील इलेक्ट्रॉनास काही ठरावीक ऊर्जाच धारण करता येतात. असे असंख्य अणू स्फटिकात एकमेकांजवळ आले म्हणजे इलेक्ट्रॉन एका अणूवरून दुसऱ्या अणूवर जाऊ शकतो, आणि या संचारामुळे प्रत्येक ऊर्जापातळी रुंदावून तिचा पट्ट बनतो. फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ साली लाइपत्सिग येथे आवर्ती जालकातील इलेक्ट्रॉनांचे गणित मांडले, आणि १९३१ साली ए. एच. विल्सन यांनी त्याच्याच आधारे धातू, अर्धसंवाहक व निरोधक यांतील भेद स्पष्ट केला. पट्ट अर्धवट भरलेला असेल तर पदार्थ धातू. पूर्ण भरलेला असून वरचा पट्ट दूर असेल तर निरोधक. इतक्या थोड्या सामग्रीवर इतके मोठे वर्गीकरण उभारले गेल्याचे उदाहरण शास्त्राच्या इतिहासात विरळा.

हा पट्ट आलेखावर काढतात तेव्हा आडव्या अक्षावर इलेक्ट्रॉनाचा संवेग आणि उभ्या अक्षावर त्याची ऊर्जा दाखवतात. रेषेचा चढ हा इलेक्ट्रॉनाचा वेग दाखवतो. रेषेची वक्रता जितकी कमी तितके त्याचे परिणामी वस्तुमान अधिक. रेषा पूर्णपणे आडवी झाली की वेग शून्य आणि वस्तुमान अनंत ठरते. यालाच ‘सपाट पट्ट’ म्हणतात. म्हणजे ‘सपाट’ हे विशेषण मुळात पदार्थाचे नाही. ते आलेखावरील एका रेषेचे आहे, आणि ती रेषा केवळ ऊर्जेचा हिशेब सांगते. हा मुद्दा पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

पट्ट-सिद्धांतात एक गृहीतक मुळापासूनच होते. प्रत्येक इलेक्ट्रॉन इतरांची विशेष दखल न घेता स्वतंत्रपणे फिरतो असे त्यात मानले होते. इलेक्ट्रॉन परस्परांस प्रतिकर्षित करतात हे सर्वांस ठाऊक होते. पण त्यांची संचाराची ऊर्जा मोठी असेल तर हे प्रतिकर्षण दुय्यम ठरते, असा समज होता. या समजास पहिला धक्का १९३७ साली ब्रिस्टल येथील परिषदेत बसला. डच शास्त्रज्ञ द बूर आणि व्हेर्वे यांनी तेथे निकेल ऑक्साइडसारख्या पदार्थांचा प्रश्न उपस्थित केला. पट्ट-सिद्धांताप्रमाणे हा पदार्थ धातू असावयास हवा; प्रत्यक्षात तो उत्तम निरोधक आहे. पायर्ल्स यांनी चर्चेत कारण सुचविले, आणि मॉट यांनी पुढे १९४९ साली त्याचा विस्तार केला : पट्ट अरुंद असेल तर एकाच अणूवर दोन इलेक्ट्रॉन येण्यास लागणारी ऊर्जा संचारातून मिळणाऱ्या लाभापेक्षा मोठी ठरते, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या जागी अडकून पडतो. हबर्ड यांनी १९६३ साली याच विचाराला जे गणिती रूप दिले, ते आजही या क्षेत्राचा पाया आहे. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘अरुंद ऊर्जापट्ट’ हे शब्द होते. अरुंद पट्ट म्हणजे सपाटपणाकडे झुकलेला पट्ट. अशा रीतीने या कुळातील संज्ञेशी पहिला जो अर्थ चिकटला तो ‘स्तब्धता’ हा होय.

३

याच काळात अतिसंवाहकतेचा इतिहास वेगळ्या वाटेने चालला होता. कामरलिंग ओनेस यांनी १९०८ साली लायडन येथे हीलियमचे द्रवीकरण साधले, आणि १९११ साली सुमारे ४·२ केल्व्हिनला पाऱ्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा होतो हे त्यांना आढळले. १९३३ साली माइसनर व ओक्सनफेल्ड यांनी दाखवले की अतिसंवाहक आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर टाकतो. या दोन लक्षणांची उपपत्ती मिळण्यास १९५७ साल उजाडावे लागले. बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी त्या वर्षी असे प्रतिपादिले की जालकाच्या कंपनांमुळे इलेक्ट्रॉनांत अत्यल्प आकर्षण उत्पन्न होते, त्यामुळे त्यांच्या जोड्या बनतात, आणि या सर्व जोड्या एकाच तालात चालतात. परस्परांस दूर लोटणारे इलेक्ट्रॉन जोडीने कसे राहतात, या शंकेचे समाधान काळाच्या अंतरात आहे. इलेक्ट्रॉन चपळ, जालक मंद. एक इलेक्ट्रॉन जालकाला किंचित ओढून पुढे निघून जातो; जालक पूर्ववत होण्यापूर्वी दुसरा तेथे येतो व त्या ओढीचा लाभ घेतो. दोघांची प्रत्यक्ष गाठ पडत नाही.

या उपपत्तीतून जे सूत्र निघाले त्यात दोन गोष्टी विशेष आहेत. संक्रमण-तापमान हे आकर्षणाचे बळ आणि ऊर्जेच्या त्या विशिष्ट पातळीला उपलब्ध असलेल्या अवस्थांची घनता, या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असते. आणि हे अवलंबन घातांकी असते. पट्ट सपाट झाला की थोड्याशा ऊर्जेच्या टप्प्यात पुष्कळ अवस्था गोळा होतात. तेव्हा सूत्राचा हा अर्धा भाग वाचणाऱ्यास सपाट पट्ट हितकारक वाटणार. परंतु उपपत्तीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे इलेक्ट्रॉन चपळ असले पाहिजेत हा, त्याच्या उलट सांगतो. एकाच सिद्धांतात सपाटपणाबद्दलचे दोन विरुद्ध अभिप्राय असे शेजारी शेजारी बसलेले होते.

प्रयोगकर्त्यांपैकी बर्न्ड मॅथायस यांचा अनुभव या काळात प्रमाण मानला जाई. अवस्थांची घनता मोठी असावी, स्फटिकाची रचना घनाकार असावी. ऑक्सिजन, चुंबकत्व व निरोधक यांपासून दूर राहावे, आणि सिद्धांतवाद्यांपासूनही दूर राहावे, असे नियम त्यांच्या नावावर सांगितले जातात. शेवटचा नियम विनोदाचा असला तरी इतरांस अनुभवाचे पाठबळ होते. व्हॅनेडियम-सिलिकॉन संयुगात १९५३ साली सुमारे १७, नायोबियम-कथिल संयुगात १९५४ साली सुमारे १८, आणि नायोबियम-जर्मेनियम संयुगात १९७३ साली सुमारे २३ केल्व्हिन येथवर जी मजल गेली, ती याच मार्गाने. या कुळातील संयुगांत धातूंच्या अणूंच्या सरळ साखळ्या असतात, व त्यांमुळे अवस्थांच्या घनतेस तीव्र शिखरे येतात, असा विचार लाब्बे व फ्रीडेल यांनी १९६६ साली मांडला. सपाटपणाचा लाभ म्हणून ज्याची नोंद करता येईल असे हे जुने उदाहरण होय. पण त्याबरोबर एक इशाराही होता. व्हॅनेडियम-सिलिकॉनचा स्फटिक थंड केला असता सुमारे २१ केल्व्हिनला आपला आकारच किंचित बदलतो, असे १९६४ साली दिसून आले होते. एकाच ऊर्जेला फार अवस्था जमल्या की पदार्थ अस्थिर होतो. ती अस्थिरता कोणत्या बाजूस कलेल हे घनतेच्या आकड्यावरून ठरत नाही.

चुंबकत्वासंबंधीचा नियमही निराधार नव्हता. मॅथायस, सुल व कोरेंझ्विट यांनी १९५८ साली लँथॅनममध्ये विरल मृद्धातू मिसळून पाहिले. गॅडोलिनियमचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास गेले की अतिसंवाहकता नष्ट होई. चुंबकीय अणू जोडी फोडतो, हा धडा यातून सर्वांनी घेतला.

४

या पार्श्वभूमीवर १९७५ साली दोन गोष्टी घडल्या. आंद्रेस, ग्रेबनर व ओट यांनी सिरियम-ॲल्युमिनियम संयुगाची विशिष्ट उष्णता अतिशय कमी तापमानाला मोजली, आणि तिच्यातील इलेक्ट्रॉनांचा वाटा साध्या धातूच्या सुमारे हजारपट आढळला. जणू त्या पदार्थातील इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान हजारपट झाले होते. सिरियमच्या आतील कवचातील चुंबकीय इलेक्ट्रॉन बाहेरच्या फिरत्या इलेक्ट्रॉनांशी गुंतून अत्यंत अरुंद पट्ट बनवतात, हे याचे कारण. कोंडो यांनी १९६४ साली एकाकी चुंबकीय अणूबद्दल जे दाखवले होते, तेच येथे जालकातील प्रत्येक अणूवर घडत होते. ‘जड फर्मिऑन’ ही संज्ञा या पदार्थांस पुढे रूढ झाली.

त्याच वर्षी युरेनियम-बेरिलियम संयुगाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या कर्त्यांना एक केल्व्हिनच्या किंचित खाली अतिसंवाहकतेची खूण दिसली होती. चुंबकीय युरेनियम दाट असलेल्या संयुगात अतिसंवाहकता संभवत नाही, ही धारणा दृढ होती. म्हणून नमुन्यात शुद्ध युरेनियमचे सूक्ष्म तंतू राहिले असावेत आणि ती खूण त्यांची असावी, असा अर्थ त्यांनी लावला. हा अर्थ त्या काळच्या ज्ञानास धरून होता. त्यात निष्काळजीपणा नव्हता. तथापि आठ वर्षांनंतर, १९८३ साली, ओट, रुडिगियर, फिस्क व स्मिथ यांनी तेच संयुग पुन्हा तपासले, तेव्हा सबंध पदार्थच अतिसंवाहक होतो हे सिद्ध झाले. उपकरणाने दाखविलेली गोष्ट आठ वर्षे प्रचलित वर्गीकरणाच्या बाहेर उभी राहिली होती.

दरम्यान १९७९ साली फ्रांक श्टेग्लिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिरियम-ताम्र-सिलिकॉन संयुगात सुमारे अर्ध्या केल्व्हिनला अतिसंवाहकता आढळल्याचे प्रसिद्ध केले होते. त्यांचा युक्तिवाद मुद्दाम पाहण्यासारखा आहे. अतिसंवाहकता सुरू होताना विशिष्ट उष्णतेत जी उडी दिसली, ती त्या जड इलेक्ट्रॉनांच्या प्रचंड विशिष्ट उष्णतेच्याच तोलाची होती. जोड्या जर काही मोजक्या हलक्या इलेक्ट्रॉनांच्या असत्या, तर उडी नगण्य असती. म्हणजे जोडी बांधणारे इलेक्ट्रॉन जडच होते. शिवाय सिरियमच्या जागी अचुंबकीय लँथॅनम घातले तर ती अतिसंवाहकता दिसत नव्हती. १९५८ साली ज्याचा शेकडा एक अंशही घातक ठरला त्या जातीचे चुंबकीय अणू येथे जालकाच्या प्रत्येक घरात होते, आणि ते काढून घेतले की अतिसंवाहकताच जात होती. अपवाद म्हणून ही गोष्ट बाजूला सारणे शक्य नव्हते.

इलेक्ट्रॉन इतके मंद असतील तर मंद जालक व चपळ इलेक्ट्रॉन यांतील काळाचे अंतर उरत नाही. तेव्हा जोडी बांधणारा मध्यस्थ दुसराच असला पाहिजे. तो मध्यस्थ म्हणजे चुंबकीय आंदोलने, असे मत पुढे बलवत्तर झाले. १९८६ साली झुरिचजवळ बेडनोर्झ व म्युलर यांनी ताम्राच्या ऑक्साइडांत सुमारे ३० केल्व्हिनच्या आसपासची अतिसंवाहकता शोधली, आणि पुढील वर्षी ती ९० केल्व्हिनच्या पलीकडे गेली, तेव्हा ऑक्सिजन, चुंबकत्व आणि निरोधक यांपासून दूर राहण्याचे तिन्ही नियम एकदमच मोडले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९९४ साली यट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या संयुगात सुमारे १२ केल्व्हिनला अतिसंवाहकता दाखवली. ती जड इलेक्ट्रॉनांची नव्हे; परंतु त्याच कुळातील होल्मियम व अर्बियम यांच्या संयुगांत चुंबकीय क्रम आणि अतिसंवाहकता एकत्र नांदताना दिसली, यामुळे जुन्या वैराच्या कल्पनेस आणखी एक मर्यादा पडली.

या पदार्थांस ‘अरूढ’ अतिसंवाहक म्हणण्याचा प्रघात आहे. भाषेच्या दृष्टीने हे नकारार्थी नाव आहे. पदार्थ काय आहे हे ते सांगत नाही. आपल्या अपेक्षेत तो बसला नाही एवढेच सांगते.

५

सपाट पट्टाचा दुसरा उगम निराळा आहे, व तो गणितातून आला. जपानमध्ये बांबूच्या टोपल्या विणण्याची एक पद्धत आहे. तीत त्रिकोण व षट्कोन एकाआड एक येतात. तिला ‘कागोमे’ म्हणतात : ‘कागो’ म्हणजे टोपली, ‘मे’ म्हणजे डोळा. आपल्याकडे उसाच्या कांडीला व नारळाला डोळा असतो. जपानी भाषेत तो टोपलीच्या विणीला असतो. स्योझी यांच्या १९५१ सालच्या निबंधापासून हा शब्द भौतिकीत जालकाचे नाव म्हणून आला.

या जालकाचा गुण असा. एका षट्कोनाच्या सहा टोकांवर इलेक्ट्रॉनाची तरंगरूप अवस्था आळीपाळीने धन व ऋण अशी मांडली, तर बाहेरच्या प्रत्येक बिंदूकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी एकीवरून धन व दुसरीवरून ऋण अंश पोचतो, आणि दोन्ही परस्परांस खोडून काढतात. इलेक्ट्रॉनास बाहेर पडण्यास वाटा असूनही तो षट्कोनातच कोंडलेला राहतो. अशा अवस्था प्रत्येक षट्कोनाभोवती बनतात, सर्वांची ऊर्जा सारखी असते, म्हणून पट्ट तंतोतंत सपाट येतो. सदरलँड यांनी १९८६ साली, आणि लीब यांनी १९८९ साली, अन्य जालकांबाबत अशाच अवस्था दाखवल्या. पुढे मिल्के यांनी १९९१ साली व तासाकी यांनी १९९२ साली सपाट पट्टात प्रतिकर्षणामुळे लोहचुंबकत्व निर्माण होते हे काटेकोर गणिताने सिद्ध केले.

येथे दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. पहिली : सपाट पट्टाबद्दल जे काटेकोरपणे सिद्ध झाले ते प्रथम चुंबकत्वाच्या बाजूने झाले, अतिसंवाहकतेच्या नव्हे. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची : आलेखावर सारख्याच आडव्या दिसणाऱ्या रेषेमागे दोन भिन्न कारणे असू शकतात. अणू परस्परांपासून इतके दूर असतील की संचारच होत नाही, तर पट्ट सपाट होतो; आणि अणू जवळ असून, वाटा मोकळ्या असून, तरंगांच्या परस्पर-निरसनामुळे संचार थांबला असेल, तरीही पट्ट सपाट होतो. पहिला इलेक्ट्रॉन ओसाड बेटावरील माणसासारखा, दुसरा चौकात उभा राहून सर्व बाजूंनी अडलेल्या माणसासारखा. ‘सपाट’ हा शब्द या दोघांत भेद करीत नाही.

६

२०१८ साली हा विषय तज्ज्ञांच्या लहान वर्तुळाबाहेर आला. कार्बनच्या एकपदरी थराचे, म्हणजे ग्राफीनचे, दोन पदर एकमेकांवर किंचित वळवून ठेवले की त्यांच्या जालकांच्या संयोगाने एक मोठी नक्षी उमटते. दोन जाळीदार कापडे एकमेकांवर सरकवली असता जी लहरीदार नक्षी दिसते, तीच ही. तिचे ‘मॉरे’ हे फ्रेंच नाव पाणीदार झळाळीच्या कापडावरून आले आहे, आणि त्याचा माग ‘मोहेर’ या लोकरीच्या नावातून अरबी ‘मुखय्यर’ या शब्दापर्यंत लागतो. २०११ साली बिस्ट्रिट्झर व मॅक्डॉनल्ड यांनी गणिताने दाखवले की वळण सुमारे १·१ अंशाचे असेल तर अशा जोडपदरातील पट्ट जवळजवळ सपाट होतात. या कोनास त्यांनी ‘जादूचा कोन’ म्हटले. २०१८ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत पाब्लो हारियो-एरेरो यांच्या गटाने तो प्रत्यक्षात साधला. नक्षीच्या एका घरात तेथे सुमारे अकरा हजार अणू येतात. विद्युत्‌दाबाने इलेक्ट्रॉनांची संख्या कमीअधिक करताच, एका संख्येला पदार्थ निरोधक झाला आणि तिच्या लगतच्या संख्येला, सुमारे १·७ केल्व्हिनच्या खाली, अतिसंवाहक झाला.

ज्या कार्बनात चुंबकीय अणू नाही, जड मूलद्रव्य नाही, त्यात केवळ वळणाने इलेक्ट्रॉन जड करता येतात, हे या शोधाचे वैशिष्ट्य. जे सिरियममध्ये रसायनाने घडत होते ते येथे भूमितीने घडले. मुंबईच्या टाटा संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने वळवलेल्या ग्राफीनच्या सपाट पट्टांवर केलेले काम याच परंपरेतील असून, त्याचा रोख पट्टांच्या भूमितीकडेच आहे. मात्र जादूच्या कोनातही सपाट पट्टाने एकच फळ दिले नाही. त्याच तुकड्यात इलेक्ट्रॉनांची संख्या किंचित बदलली की निरोधक, अतिसंवाहक आणि कित्येक नमुन्यांत लोहचुंबकही, अशी रूपे आढळली. येथील जोड्या कोण बांधतो याबद्दल आजही मतैक्य नाही.

७

आता मूळ अडचणीकडे वळणे प्राप्त आहे. अतिसंवाहक होण्यास इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमणे पुरेसे नाही. त्या जोड्यांनी पदार्थाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताल राखला पाहिजे. हा ताल मोडण्यास होणाऱ्या विरोधास आपण प्रवाहाची दृढता म्हणू. परिचित सूत्रानुसार ही दृढता इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या सम आणि त्यांच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. सपाट पट्टात वस्तुमान अनंत. म्हणून दृढता शून्य. म्हणजे जोड्या जमतील, पण वाहणार नाहीत. सपाट पट्टाविरुद्ध याहून बिनतोड युक्तिवाद सांगता येणार नाही. आणि तरीही तो अपुरा आहे.

फिनलंडमधील सेबास्तियानो पेओत्ता व पाइवी टर्मा यांनी २०१५ साली या युक्तिवादाची उणीव दाखवली. सूत्रातील वस्तुमान हे ऊर्जेच्या आलेखातून काढलेले आहे. पण पट्टाची माहिती केवळ ऊर्जेत संपत नाही. प्रत्येक संवेगाला इलेक्ट्रॉनाची एक तरंगरूप अवस्था असते, आणि संवेग थोडा बदलला की ती अवस्था किती पालटते याचेही एक माप असते. ऊर्जेची रेषा आडवी असतानाही हे माप शून्येतर असू शकते, आणि इलेक्ट्रॉनांत आकर्षण असेल तर त्या मापाच्या प्रमाणात प्रवाहास दृढता मिळते. टोपलीच्या जालकावरून याचा अर्थ सुलभ होतो. धन व ऋण अंशांचे निरसन तंतोतंत व्हावयास इलेक्ट्रॉन एकटा असावा लागतो. शेजारी दुसरा इलेक्ट्रॉन आला व दोघांत आकर्षण असले की तो समतोल बिघडतो. एकट्याला बंद असलेली वाट जोडीला खुली होते. मात्र ओसाड बेटावरच्या इलेक्ट्रॉनास याचा काही उपयोग नाही. त्याच्या अवस्थेत पालट नाही, शेजाऱ्यांच्या अवस्थांशी तिचा स्पर्श नाही. त्याचे भूमितीय माप शून्य आणि प्रवाहही शून्य.

शब्दकोशात प्रत्येक शब्दाचा अर्थ मिळतो. ते शब्द वाक्यात कसे अन्वित होतात हे तेथे मिळत नाही. पट्टाचा ऊर्जा-आलेख हा त्या कोशासारखा आहे. अन्वय तरंगरूप अवस्थांच्या परस्परसंबंधात असतो, आणि तो आलेखावर काढलेलाच नसतो. या भूमितीचा एक जुना धागा आपल्या देशातही आहे. शिवरामकृष्णन् पंचरत्नम् यांनी १९५६ साली बंगलोर येथे प्रकाशाच्या ध्रुवणासंबंधी जी भूमितीय कला वर्णिली, तिचे व्यापक रूप बेरी यांनी १९८४ साली पुंजभौतिकीत मांडले. पट्टाचे उपरिनिर्दिष्ट माप हे त्याच कलेचे सहोदर आहे. एकाच गणिती राशीचे ते दोन अंश होत.

हा विचार तर्कापुरता राहिला नाही. २०२५ साली वळवलेल्या दोनपदरी व तीनपदरी ग्राफीनमधील प्रवाहाची दृढता अमेरिकेतील दोन गटांनी मोजली. दोनपदरी ग्राफीनमध्ये ती वस्तुमानाच्या परिचित सूत्राने येणाऱ्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठी आढळली. त्याआधी २०२४ साली सीझियम, क्रोमियम व अँटिमनी यांच्या कागोमे संयुगात, जेथे सपाट पट्ट इलेक्ट्रॉनांच्या भरणपातळीच्या निकट आहे, दाबाखाली सुमारे ६ केल्व्हिनपर्यंत अतिसंवाहकता दिसली. आणि तीही चुंबकीय क्रम दाबाने मावळू लागतो तेथेच. जड फर्मिऑनांचा आणि टोपलीच्या जालकाचा, असे संज्ञेचे दोन्ही उगम या एका पदार्थात जवळ आले आहेत.

८

२०२३ सालच्या प्रकरणाचा उलगडा यानंतर कठीण नाही. त्या वर्षाच्या जुलै महिन्यात दक्षिण कोरियातील एका गटाने, ताम्र मिसळलेल्या शिसे-फॉस्फेटच्या एका खनिजरूप संयुगात खोलीच्या तापमानाला, इतकेच नव्हे तर सुमारे ४०० केल्व्हिनपर्यंत, अतिसंवाहकता असल्याचा दावा केला. थोड्याच दिवसांत संगणकीय गणितातून असे दिसले की ताम्राचे अणू शिशाच्या ठरावीक जागी बसले तर भरणपातळीवर अतिशय सपाट पट्ट येतात. गणित करणाऱ्यांनी अतिसंवाहकता सिद्ध झाल्याचे म्हटले नव्हते. परंतु वाचणाऱ्यांच्या मनात २०१८ पासून सपाट पट्ट व अतिसंवाहकता ही जोडी बसलेली होती, आणि जे लक्षण होते ते प्रमाण म्हणून वाचले गेले.

प्रयोगांचा निर्णय लवकर लागला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने हे संयुग तयार करून पाहणाऱ्यांत अग्रक्रम साधला. तेथे अतिसंवाहकता आढळली नाही. मूळ नमुन्यांत विद्युत्‌रोध एकाएकी उतरण्याचे कारण त्यांत मिसळलेले ताम्र-गंधक संयुग होते. त्याची स्फटिकरचना त्याच तापमानाच्या आसपास बदलते. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे ऑगस्ट महिन्यात शुद्ध स्फटिक बनवले गेले, ते पारदर्शक व निरोधक निघाले. पट्ट तेथे सपाट होते हे खरे. परंतु ताम्राचे अणू परस्परांपासून दूर असल्यामुळे ते सपाट होते. ओसाड बेटांचा तो सपाटपणा होता, आणि त्याचे फळ मॉट यांनी सांगितले तेच मिळाले.

१९७५ आणि २०२३ या दोन प्रसंगांची तुलना उद्बोधक आहे. पहिल्या वेळी खरी अतिसंवाहकता अशुद्धीच्या माथी मारली गेली. दुसऱ्या वेळी अशुद्धीचा परिणाम अतिसंवाहकतेच्या नावे जमा झाला. दिशा उलट, पण चूक एकाच जातीची. पहिल्या वेळी इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय व स्तब्ध स्वभावावरून ‘नाही’ असे वाचले गेले. दुसऱ्या वेळी ‘सपाट’ या शब्दात ‘होय’ असे वाचले गेले. दोन्ही वेळी निर्णय दिला तो विशिष्ट उष्णता, चुंबकीय क्षेत्राचे निष्कासन आणि शुद्ध स्फटिक यांनी.

९

यावरून या संज्ञेचा नेमका आशय असा मांडता येतो. पट्ट सपाट आहे म्हणजे संचाराच्या ऊर्जेने आपला निर्णायक अधिकार सोडला आहे. तो अधिकार मग इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेकडे आणि त्यांच्या अवस्थांच्या भूमितीकडे जातो. ती चुंबकत्वाकडे नेतील, निरोधाकडे नेतील, स्फटिकाचा आकार बदलतील अथवा अतिसंवाहकता देतील. ‘सपाट’ हा शब्द प्रश्न खुला झाल्याची नोंद करतो. उत्तराची नोंद त्यात नाही.

मराठीत या विषयाचे अध्यापन व लेखन करणाऱ्यांस याचा एक व्यावहारिक उपयोग आहे. आपण परिभाषा घडवतो तेव्हा मूळ संज्ञेचा प्रतिशब्द शोधून थांबतो. संज्ञा कोणत्या चित्रावरून आली, ते चित्र काय दाखवते आणि काय झाकते, हे विद्यार्थ्यास सांगितले जात नाही. सपाट पट्टाच्या बाबतीत निदान एवढे सांगितले पाहिजे की दूरत्वामुळे आलेला सपाटपणा आणि निरसनामुळे आलेला सपाटपणा हे भिन्न आहेत. इष्ट वाटल्यास त्यांना ‘विलग सपाट पट्ट’ व ‘निरसनजन्य सपाट पट्ट’ अशी स्वतंत्र नावे द्यावीत. मूळ भाषेने एका शब्दात जे एकत्र केले आहे ते दुसऱ्या भाषेने वेगळे करणे यात मूळाचा अनादर नाही. पुढील वेळी असा एखादा दावा पुढे येईल, आणि तो येईलच, तेव्हा मराठी विद्यार्थ्याने पट्ट सपाट आहे का याबरोबरच तो कशाने सपाट आहे, हा दुसरा प्रश्न आपण होऊन विचारला, तर परिभाषेने आपले काम केले असे म्हणता येईल.